वीर कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. रशियन प्रतीकवादी चित्रांतले लोकवीर आणि त्यांच्याभोवतीचा निसर्ग यावर ती प्रबंध लिहिते आहे. वास्नेत्सोव, व्रुबेल आणि रोरिक यांची पंधरा-वीस चित्रं तिने जमवली आहेत आणि दोन ठिकाणी गाडी अडली आहे. एक, एवढे बलदंड वीर चित्रांत काहीच करत नाहीत, नुसते थांबलेले दिसतात, असं का? दोन, दगड, कावळे, फरची झाडं, ढग यांचे ठरलेले अर्थ कुठे मिळतील, त्यांची एखादी यादी आहे का?

यादी नाही. असती तरी मी ती दिली नसती, कारण यादी हातात आली की चित्राकडे बघणं थांबतं. वर्गात दरवर्षी हे होतं. कावळा म्हणजे मृत्यू, दगड म्हणजे नियती, असं समासात लिहून मुलं मोकळी होतात. वास्नेत्सोवच्या चित्रातले कावळे मृत्यूचे आहेत हे सांगायला प्रबंध कशाला हवा? शेजारीच कवटी पडली आहे. तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. निसर्गाला काहीतरी म्हणायचं आहे हे तुम्हाला जाणवलंय, पण ते तुम्ही एकेका वस्तूत शोधताय. मी असेन तर आधी घोड्याच्या खुरांकडे बघेन. वीर जमिनीला जिथे टेकतो तिथे चित्रकाराने काय केलंय, ते बघेन.

मी समीक्षक नाही. पंचवीसेक वर्षं निसर्गचित्रण शिकवतो, त्याआधी उमेदीत नाटकांचे पडदे रंगवले. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयांत दोनदा मनसोक्त उभा राहून आलो, तेवढीच पुंजी. त्यामुळे पुढचं सगळं रंगवणाऱ्याच्या बाजूने आहे.

दोन गोष्टी आधीच मान्य करतो. पहिली, 'प्रतीकवादी' कुणाला म्हणायचं हे तुमच्या मार्गदर्शकांवर अवलंबून राहील. व्हिक्टर वास्नेत्सोव (१८४८–१९२६) मुळात पेरेद्वीझ्निकी या वास्तववादी मंडळींबरोबर प्रदर्शनं करणारा माणूस. कडक परीक्षक त्याला प्रतीकवाद्यांत बसूच देणार नाही. पण १८९८ च्या अखेरीस निघालेल्या 'मिर इस्कुस्त्वा' या नव्या पिढीच्या मासिकाने पहिल्याच अंकात त्याची चित्रं छापली होती, हेही खरं. प्रबंधात त्याला 'वाट करून देणारा' म्हणा, वाद टळेल. दुसरी गोष्ट, तुमच्याकडच्या प्रतिमा. व्रुबेल पडद्यावर हमखास फसवतो. 'पडलेला डेमन' (१९०२) या चित्रात त्याने ब्राँझची पूड वापरली होती आणि ती पुढे काळवंडली. म्हणजे मूळ चित्रच आज त्याने रंगवलं तसं उरलेलं नाही, त्यावर छपाईचा आणि मोबाइलचा रंग. तेव्हा रंगछटांवर मोठे निष्कर्ष काढू नका; आकार, कडा आणि क्षितिज यांवर काढा, ते फार बदलत नाहीत.

आता हे वीर येतात कुठून ते बघू, कारण थांबण्याचं उत्तर तिथेच आहे. हे 'बोगातीर', म्हणजे बिलीना नावाच्या कथागीतांतले योद्धे. समजायला सोपं जावं म्हणून मी वर्गात पोवाडा म्हणतो, पण तुलना लगेच मागे घेतो. पोवाडा डफ-तुणतुण्यावर, झीलकऱ्यांच्या साथीने उभा राहतो. एकोणिसाव्या शतकात बिलीना बहुतेक एकट्या माणसाच्या तोंडून, वाद्याशिवाय ऐकू येत होत्या, आणि त्याही उत्तरेकडच्या शेतकरी-कोळ्यांकडून. रिब्निकोवने १८६० च्या दशकात आणि गिल्फर्डिंगने १८७१ मध्ये ओनेगा तळ्याच्या परिसरात त्या उतरवून घेतल्या. गीतांतले वीर कीवच्या राजाचे पहारेकरी, आणि कीव तिथून हजार किलोमीटरहून जास्त दक्षिणेला! ज्या गवताळ मैदानावर इल्या मुरोमेत्स, यांतला सगळ्यात नावाजलेला वीर, पहारा देतो ते मैदान गाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी पाहिलं नसणार. म्हणून गीतात निसर्गवर्णन जवळजवळ नाहीच, ठरलेले शब्द आहेत: मोकळं मैदान, निळा समुद्र, ओली माती-माय. घोडा उडी मारतो ती 'उभ्या जंगलाहून उंच, चालत्या ढगांहून खाली'. झालं एवढंच.

चित्रकाराची पंचाईत ओळखा. 'मोकळं मैदान' रंगवायचं कसं? गीतात झाड कुठलं ते नाही, उजेड कुठून येतो ते नाही. मग प्रत्येकाने आपापल्या ओळखीची जमीन त्या रिकाम्या जागेत आणून ठेवली. ती कुठली आणली आणि वीराला तिच्यात कसा रोवला, यावर तुमचा अख्खा प्रबंध उभा राहू शकतो.

सोपा प्रयोग सांगतो. चित्राची प्रिंट घ्या, कागदाचा तुकडा कापून वीराला झाका आणि उरलेल्याकडे बघा. मी याला अंगठा-चाचणी म्हणतो, कारण जागेवर निसर्गचित्र करताना आम्ही अंगठ्यानेच झाकतो.

वास्नेत्सोवच्या 'चौरस्त्यावरचा योद्धा' (१८८२, रशियन म्युझियम, सेंट पीटर्सबर्ग) पासून सुरुवात करा. योद्धा, भाला, घोडा सगळं झाका. काय उरतं? दलदलीचा माळ, विखुरलेले धोंडे, हाडं, मावळतीची पट्टी आणि मजकूर कोरलेला एक दगड. चित्र अजूनही बोलतंय. योद्ध्याच्या मनात जे आहे ते माळावर आधीच मांडून ठेवलंय, म्हणून त्याला काही करावं लागत नाही. मान खाली घातली, भाल्याचं टोक खाली गेलं, पुरे. यातली खुबी मला फार उशिरा कळली. आधीच्या आवृत्तीत वास्नेत्सोवने वाट दाखवली होती, या मोठ्या चित्रात ती काढून टाकली. चौरस्त्याचं चित्र, आणि रस्ताच नाही! दगडावरचा मजकूरही तसाच. सरळ गेलास तर जिवंत राहणार नाहीस, पायी जाणाऱ्याला, स्वाराला, उडणाऱ्यालाही वाट नाही, एवढंच वाचता येतं. लग्नाची आणि संपत्तीची वाट सांगणाऱ्या ओळी शेवाळाखाली गेल्यात, असं त्यानेच समीक्षक स्तासोवला पत्रातून कळवलं होतं. गोष्टीत तीन पर्याय होते. त्यातले दोन शेवाळाने खाल्ले. तुमच्या 'दगडाचा अर्थ काय' या प्रश्नाचं उत्तर मी असं देईन: दगडापेक्षा शेवाळ बघा.

आता त्याचंच 'बोगातीर' (१८८१–१८९८, त्रेत्याकोव गॅलरी). जवळजवळ तीन मीटर उंच, साडेचार मीटर रुंद. मध्ये काळ्या घोड्यावर इल्या, डोळ्यांवर हाताची झडप धरून लांब बघतोय. डावीकडे पांढऱ्या घोड्यावर दोब्रिन्या तलवार उपसतोय, उजवीकडे धनुष्यवाला अल्योशा. तिघांना झाका. उरतं ते काय, तर ढगाळ दिवसातली एक टेकडी. बरी स्टडी आहे, पण तिच्यात भय नाही की वाट पाहणं नाही. अर्थ सगळा स्वारांकडे आहे. रशियात शाळकरी पोरही ओळखेल असं हे चित्र, पण तुमच्या विषयाच्या दृष्टीने मी त्याला 'चौरस्त्या'च्या खाली ठेवतो. मतभेद होतील, होऊ देत.

एक जागा मात्र सोडू नका, घोड्यांच्या पायाशी असलेली छोटी सूचिपर्णी रोपं. ती कशासाठी? एक तर मापासाठी. रोप गुडघ्याएवढं दिसलं की स्वार आपोआप डोंगराएवढा होतो. गीतातली 'उभ्या जंगलाहून उंच' ही ओळ अतिशयोक्ती न करता रंगवायची ही युक्ती. आणि दुसरं, ती रोपं दक्षिणेच्या गवताळ सीमेवरची नाहीतच. ती उत्तरेची आहेत. वास्नेत्सोव व्यात्का प्रांतातल्या खेड्यातला, पाद्र्याचा मुलगा. या चित्राचं काम सुरू झालं मॉस्कोजवळच्या अब्राम्त्सेवोत, कलावंतांना आश्रय देणारा उद्योगपती साव्वा मामोंतोव याच्या इस्टेटीवर. पुढे कॅथेड्रलच्या भित्तिचित्रांसाठी तो कीवला गेला, हा अवाढव्य कॅनव्हासही बरोबर नेला, दक्षिणेची जमीन डोळ्यांनी पाहिली, तरी रोपं उत्तरेचीच राहिली. त्याचे वीर कीवचे राखणदार असले तरी ते राखतायत त्याच्या लहानपणचं रान. पाठ्यपुस्तकातल्या 'राष्ट्रीय भावना' या शब्दापेक्षा हे निरीक्षण तुमच्या जास्त कामाला येईल.

इथे पडदे रंगवणारा म्हणून थोडं विषयांतर करतो. तुम्ही जमवलेले तिन्ही चित्रकार रंगभूमीवर काम केलेले आहेत. वास्नेत्सोवने 'स्नेगूरोच्का'चं नेपथ्य मामोंतोवच्या घरच्या प्रयोगासाठी १८८२ मध्ये आणि त्याच्या खासगी ऑपेरासाठी १८८५ मध्ये केलं; व्रुबेलने १९०० मध्ये 'झार साल्तान'चं; रोरिकने १९०९ मध्ये पॅरिसमध्ये 'प्रिन्स ईगोर'मधल्या पोलोवेत्सी नाचांचं. पडदा रंगवताना एक धडा लवकर मिळतो. नट पडद्याच्या जवळ उभा राहतो, म्हणून मधल्या अंतरातली झाडं-घरं रंगवायची नसतात. रंगवलीत आणि नट एक पाऊल मागे सरकला की तो झोपडीच्या दुप्पट दिसतो आणि शिट्ट्या पडतात. (माझ्या पहिल्या पडद्यावर पडल्या होत्या.) मग तुम्ही काय करता? पुढची जमीन ठेवता, एकदम लांबचं क्षितिज ठेवता, मधलं गाळता. 'बोगातीर'मध्ये नेमकं हेच दिसतं: पुढचा उंचवटा, आणि त्यामागे थेट लांबचे डोंगर-रान. मधलं अंतर गाळलं की वीर दुसऱ्या कुठल्या मापाने मोजता येत नाही, तो प्रचंड होतो. आणि त्याला चालायला जागाही उरत नाही. 'थांबलेले का' याचं निम्मं उत्तर मला इथे सापडलं.

मिखाईल व्रुबेलकडे (१८५६–१९१०) या आणि तीच चाचणी करा. त्याचं 'बोगातीर' १८९८ चं आहे, म्हणजे वास्नेत्सोवने आपलं पुरं केलं त्याच वर्षीचं. रशियन म्युझियममध्ये आहे, तीन मीटरहून उंच, वरून टोकदार. भिंतीत बसवायच्या फलकासारखा तो आकार. कागद कापायला बसाल तर कापता येणार नाही. कडाच सापडत नाहीत. चिलखताचे तुकडे, घोड्याचं आयाळ, फरच्या फांद्या, सगळं एकाच प्रकारच्या चौकोनी, पैलूदार फटकाऱ्यांनी बांधलंय. घोडा नांगराला जुंपायच्या जातीचा वाटावा असा, ओंडक्यासारखा. तो झाडीत उभा नाही, झाडीतून उगवलाय. खालच्या पानोऱ्यात पक्षी बसलेत, ते दुसऱ्या-तिसऱ्या नजरेला सापडतात. मी चित्रासमोर बराच वेळ उभा होतो आणि पक्षी दिसले ते निघता निघता.

हे फटकारे त्याला मिळाले कुठे? १८८४ मध्ये तो कीवच्या सेंट सिरिल चर्चमध्ये बाराव्या शतकातल्या भित्तिचित्रांच्या दुरुस्तीवर होता, मग तिथल्याच कामासाठी व्हेनिसला गेला आणि मोझाइक पाहून आला. मोझाइकमध्ये चेहऱ्याला आणि पार्श्वभूमीला एकाच मापाचा तुकडा लागतो. हात तसा घडला की माणूस आणि रान वेगळं करणारी रेघ काढावीशीच वाटत नाही. प्रतीकवाद म्हटलं की आपण आधी तत्त्वज्ञान शोधतो. मला तर इथे हाताची सवय आधी दिसते आणि विचार तिच्या मागून येतो.

विषय लोकवीरांचा असला तरी 'पान' (१८९९) प्रबंधात घ्याच. नाव ग्रीक देवाचं आहे, पण हा म्हातारा ब्र्यान्स्कजवळच्या खोतिल्योवोच्या ओल्या कुरणातला, रशियन लोककथांतल्या 'लेशी'चा, म्हणजे रानाच्या राखणदार भुताचा, भाऊ शोभेल असा आहे. मागे क्षितिजाला टेकलेली लाल चंद्रकोर, वाकडे बर्च, पाणी. त्याचे डोळे त्या पाण्याच्याच निळ्या रंगाचे आहेत. बसलाय की बुंधा आहे? मुलांना मी याची टोनमध्ये, म्हणजे फक्त उजेड-काळोखाच्या छटांत, नक्कल करायला लावतो. मांडी कुठे संपते यावरून वर्गात भांडणं होतात, आणि मला तेच हवं असतं. 'बसलेला डेमन' (१८९०) मात्र पुरवणीत ठेवा. तो गावगीतांतून आलेला नाही, लेर्मोंतोवच्या काव्यातून आला आहे.

इथवरचं थोडक्यात: बिलीनांनी जमीन कोरी ठेवली. वास्नेत्सोवने 'चौरस्त्या'त वीराचं मन जमिनीवर पसरलं, 'बोगातीर'मध्ये जमिनीला वीराचं माप केलं. व्रुबेलने दोघांमधली रेघ पुसली. तिसरा मार्ग रोरिकचा, आणि तोच आपल्या सगळ्यात जवळ येऊन थांबतो.

त्याआधी दोन नावं घाईत. इवान बिलिबिन (१८७६–१९४२) उत्तरेच्या खेड्यांत हिंडून आला होता, त्याची रान-नदीची चित्रं देखणी आहेत, पण ती पुस्तकासाठी, ठळक बाह्यरेषेत. अंगठा-चाचणीत वीर सुटा निघतो, अगदी स्टिकरसारखा. तुलनेला एक चित्र ठेवा, जास्त नको. मिखाईल नेस्तेरोवचं 'बालक बार्थोलोम्यूला झालेलं दर्शन' (१८८९–९०) संताचं आहे, योद्ध्याचं नाही. पण तो मुलगा पुढे रादोनेझचा सर्गेई झाला आणि लोकमानसात तो कुठल्याही वीराएवढाच मोठा आहे. अब्राम्त्सेवोच्या आसपासचं शरद ऋतूतलं रान, आणि मुलाच्या अंगाची बारीक, ताठ रेघ शेजारच्या कोवळ्या झाडाशी जुळवलेली. तुमच्या मार्गदर्शकांना चालत असेल तर यावर एक प्रकरण लिहा. मला ते फार आवडतं म्हणून सांगतोय, हेही कबूल.

निकोलाय रोरिक (१८७४–१९४७) निसर्गचित्रकार कुइंजीचा विद्यार्थी, पण त्याआधीपासूनचा पुरातत्त्ववेडा. शाळकरी वयात त्याने घरच्या इस्टेटीजवळ जुन्या दफनांचे मातीचे उंचवटे उकरले होते. हे कळल्यावर त्याच्या चित्रांतल्या गोल टेकड्यांकडे पुन्हा बघा. बाकीच्यांना टेकडी म्हणजे टेकडी. याला तिच्या पोटात माणूस झोपलेला माहीत आहे. 'दूत' (१८९७) मध्ये रात्र, चंद्रकोर, उंचावरचं कुंपणाचं गाव आणि नावेत दोन माणसं. तोंडं धड दिसत नाहीत, तरी बातमी वाईट आहे हे टेकडीच्या काळ्या वजनावरून कळतं. पुढे १९०९–१० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या बाझानोव यांच्या घरातल्या जेवणाच्या खोलीसाठी त्याने बोगातीरांची भलीमोठी चित्रमाला केली: वोल्गा, मिकुला, इल्या, साद्को. तिथे वीर सपाट रंगांत, ढगांच्या आणि डोंगरांच्याच रेषेत बांधलेले आहेत. रोरिकमध्ये वीर झाकला तरी फार बिघडत नाही. मागचा डोंगर तोच आकार पुन्हा म्हणत असतो.

मग १९२३ च्या डिसेंबरात हा माणूस मुंबईला उतरला, हिमालयात हिंडला, मध्य आशियाची मोठी यात्रा केली आणि १९२८ पासून कुलू खोऱ्यातल्या नग्गरला राहिला, शेवटपर्यंत. दुसऱ्या महायुद्धात रशियावर हल्ला झाला तेव्हा त्याने नग्गरमध्ये बसून पुन्हा बोगातीर रंगवायला घेतले. त्यातला 'स्व्यातोगोर' (१९४२) मिळवा. गीतात हा सगळ्यात मोठा वीर. इतका जड की ओली माती-माय त्याला पेलत नाही, म्हणून तो डोंगरांवरच राहतो. एकदा वाटेत पडलेली छोटी थैली उचलायला जातो आणि स्वतःच गुडघ्यापर्यंत जमिनीत रुततो, कारण थैलीत जमिनीचं सगळं वजन असतं. वीर आणि जमीन यांच्यातली ही ओढाताण मुळात कथेतच आहे, चित्रकारांनी ती शोधून काढलेली नाही. प्रस्तावनेत ही गोष्ट आधी सांगा. उत्तर रशियात त्याला पेलतील असे डोंगर नाहीत. ते रोरिकला नग्गरच्या खिडकीतून रोज दिसत होते, आणि चित्रातली शिखरं सरळ हिमालयाची आहेत.

एक सावधगिरी. इंटरनेटवर 'रशियन सिंबॉलिस्ट' म्हणून फिरणारी, गरुड आणि बर्फाळ डोळ्यांचे देखणे योद्धे असलेली चित्रं बहुतेकदा कॉन्स्तान्तिन वासिल्येवची असतात. तो १९४२ मध्ये जन्मला, १९७६ मध्ये गेला, सोव्हिएत काळातला माणूस. वास्नेत्सोव आणि वासिल्येव या नावांत गफलत झालेले दोन प्रबंध मी तपासले आहेत. तुमच्या पंधरा-वीस प्रतिमांत त्याची एखादी घुसली आहे का ते आजच बघा.

मूळ चित्रं पाहायला मॉस्को परवडेल तेव्हा परवडेल. रोरिक भारतात आहे: नग्गरला त्याच्या घरीच संग्रहालय आहे, प्रयागराजच्या अलाहाबाद संग्रहालयात आणि तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा आर्ट गॅलरीतही त्याची चित्रं आहेत. बहुतेक हिमालयाची, वीरांची थोडीच. तरी नग्गरला जमलं तर स्केचबुक न्या आणि चित्रांआधी बाहेरचे डोंगर काढा, तीन टोनमध्ये, पोस्टकार्डाएवढे. मग आत जाऊन टेम्परा या न चकाकणाऱ्या रंगाचा तो सपाट निळा बघा आणि त्याने मधलं अंतर कुठे गाळलंय ते पेन्सिलीने नोंदवा. जाणं जमलं नाही तर घरीच 'चौरस्त्या'पासून सुरू करा. आधी दगड काढा, मग पाणी, योद्धा सगळ्यात शेवटी. त्याची जागा कोरी राहिली तरी चालेल.